पडद्यावरचे अधिवेशन, वहीतला ठराव

राजकीय पक्षाचे अधिवेशन दूरचित्रवाणीवर पाहणे हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. कविता, आत्मकथन, नाटक यांची चिकित्सा करण्याची आपल्याला सवय आहे. परंतु माझ्या वस्तीत आज सर्वांत जास्त जे ‘वाचले’ जाते ते छापील नाही, ते पडद्यावर आहे. आणि ज्या संहितेचा आपल्या माणसांच्या मनावर एवढा अंमल चालतो तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाठ फिरवावी हे मला पटत नाही. प्रस्थापित वाङ्मयात आपण कुठे आहोत हा प्रश्न आपल्या आधीच्या पिढीने विचारला. पडद्यावरच्या सभामंडपात आपण कुठे आहोत, हा प्रश्न माझ्या पिढीने विचारायला हवा. तो सोपा नाही. कारण त्या मंडपात आपली माणसे दिसतात, पुष्कळ दिसतात. दिसणे आणि असणे यांत अंतर किती, एवढाच वाद आहे.

१६ आणि १७ फेब्रुवारी २०२४ ला एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे महाअधिवेशन आमच्या कोल्हापुरात भरले. दुसऱ्या दिवशी गांधी मैदानावर जाहीर सभा झाली. माझ्या घरापासून गांधी मैदान पायी वीस मिनिटांवर आहे. तरीही आम्ही ती सभा घरात बसून पडद्यावर पाहिली, आणि यात मला त्या वेळी काहीच विचित्र वाटले नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, आयुष्यभर मंडपवाल्याकडे कामाला होते. बांबू, कनात, खुर्च्या, बिछायत. लग्न असो, कीर्तन असो की पक्षाची सभा, मंडप उभा करायचा आणि माणसे येण्याच्या आत मागच्या बाजूला जायचे, ही त्यांची नोकरी. त्यांनी किती पुढाऱ्यांच्या सभा उभ्या केल्या याला गणती नाही; बसून ऐकली अशी एकही नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीवर सभा लागली की ते पुढाऱ्याकडे बघत नाहीत, मंडपाकडे बघतात. त्या संध्याकाळीही तसेच. मध्येच टाळ्यांचा मोठा गजर झाला, कॅमेरा गर्दीवरून फिरला आणि पुन्हा व्यासपीठावर आला. आबा म्हणाले, “टाळ्या कशापायी वाजिवल्या रं? काय ठरलं?” मला सांगता आले नाही. मी पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, तासभर तेच प्रक्षेपण डोळे लावून पाहत होतो, आणि काय ठरले ते मला माहीत नव्हते.

पुढील विवेचन आबांच्या त्या प्रश्नातून आले आहे.

अधिवेशन म्हणजे सभा नव्हे. हा भेद पूर्वी कार्यकर्त्याला शिकवावा लागत नसे. सभेत बोलणारा एक असतो आणि ऐकणारे अनेक. अधिवेशनात प्रतिनिधी असतात. ते कुठल्या तरी शाखेने, तालुक्याने, जिल्ह्याने पाठवलेले असतात. त्यांची नोंद असते, वर्गणी असते. विषय नियामक समिती रात्र रात्र बसून मसुदे घासते. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, कोणी दुरुस्ती सुचवू शकतो, कोणी विरोधात हात वर करू शकतो. विरोधात वर होणारा हात शक्य असणे, हे अधिवेशनाचे मर्म आहे. तो प्रत्यक्षात वर झाला नाही तरी चालेल. पण तो शक्यच नसेल तर ती सभा आहे, मेळावा आहे, उत्सव आहे, अधिवेशन नाही.

आता पडद्याचे काय होते पाहा. दूरचित्रवाणीला हवा असतो चेहरा, आणि चेहऱ्यावर काहीतरी घडायला हवे असते. मसुदा घासण्याचे चित्रण होत नाही. कोल्हापूरच्या दोन दिवसांच्या अधिवेशनातून माझ्या लक्षात राहिलेला, कारण पुन्हा पुन्हा दाखवलेला, क्षण कोणता? खासदार श्रीकांत शिंदे वडिलांविषयी बोलत आहेत आणि व्यासपीठावर मुख्यमंत्री वडिलांच्या डोळ्यांत पाणी येत आहे. ते अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या अश्रूंची पारख करण्याचा धंदा समीक्षकाने करू नये. प्रश्न निवडीचा आहे. महाराष्ट्रभरातून आलेल्या पदाधिकाऱ्यांच्या बैठकीचा सार म्हणून एका कुटुंबातील हळवा प्रसंग पुढे येतो, आणि घराणेशाहीविरुद्ध बंड केले असे सांगणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनाचे चित्र बाप आणि लेक एवढ्यावर येऊन थांबते. वाहिनीला यातील विसंगती जाणवत नाही. तिच्या दृष्टीने ते उत्तम चित्र आहे, आणि खरोखरच ते उत्तम चित्र होते. आमच्या आईच्याही डोळ्यांत पाणी आले.

हे केवळ एका पक्षाबद्दल नाही. २०२२ च्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, एकाच वेळी दोन मेळावे झाले: शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा, वांद्रे-कुर्ला संकुलात शिंदे यांचा. वाहिन्यांनी पडद्याचे दोन भाग केले. एका बाजूस हे, दुसऱ्या बाजूस ते, आणि खाली पळती पट्टी. वांद्र्याच्या व्यासपीठावर बाळासाहेब ठाकरे यांच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. एक्कावन्न फुटी तलवार होती. त्या रात्री मला वाटून गेले की पक्ष कोणाचा हे ठरवण्याचे काम आता कॅमेऱ्याकडे सोपवले आहे. कोणाची गर्दी जास्त, कोणाचे मैदान भरले, ड्रोनमधून कोण मोठे दिसते. रिकाम्या खुर्चीचे चित्र घेता येते, म्हणून तीही वारशाच्या बाजूने साक्ष देते.

आणि ही साक्ष पुढे अक्षरशः काढली गेली! या प्रकरणाचा हा भाग आपल्या अभ्यासकांनी नीट समजून घ्यावा असा आहे, म्हणून थोडा विस्तार करतो.

लोकप्रतिनिधित्वाचा कायदा १९५१ चा. त्यात १९८९ मध्ये कलम २९ अ आले. पक्षाला नोंदणी हवी असेल तर त्याने आपल्या घटनेत भारताच्या राज्यघटनेशी, समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. लिहून दिले की झाले. नंतर पक्षात निवडणुका होतात की नाही हे विचारणारा फारसा कोणी नाही, आणि २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, काही अपवाद सोडल्यास, नोंदणी रद्द करण्याचा अधिकारही आयोगाकडे नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव व धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. तो निर्णय देताना आयोगाने जी टिप्पणी केली ती दोन्ही गटांना झोंबणारी होती. आयोगाच्याच आग्रहावरून १९९९ मध्ये पक्षघटनेत लोकशाही तरतुदी आल्या, २०१८ च्या दुरुस्त्यांनी त्या पुसून टाकल्या, आणि त्या दुरुस्त्या आयोगाला कळवलेल्याही नाहीत. अशा घटनेवर विसंबून पक्षसंघटनेत बहुमत कोणाचे ते ठरवता येत नाही. म्हणून विधिमंडळातले बहुमत मोजले गेले. म्हणजे शाखाशाखांतून राबणाऱ्या हजारो शिवसैनिकांचे मत मोजायला जागाच उरली नव्हती. ती जागा त्यांच्याच नेतृत्वाने आधी बंद केली होती.

पुढे १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अपात्रतेचा निकाल दिला. १९९९ चीच घटना ग्राह्य धरली आणि कोणत्याच गटाचा आमदार अपात्र ठरवला नाही. त्याला उत्तर म्हणून ठाकरे गटाने १६ जानेवारीला वरळीत ‘महापत्रकार परिषद’ घेतली आणि मोठ्या पडद्यावर २०१३ आणि २०१८ च्या पक्षबैठकांची चित्रणे दाखवली. बघा, बैठक झाली होती. बघा, ठराव वाचला गेला. बघा, आज उलट बोलणारे तेव्हा समोर हजर होते. २०१३ च्या चित्रणात स्वतः नार्वेकर दिसत होते, तेव्हा ते त्याच पक्षात होते. वाहिन्यांनी ही चित्रणे थेट दाखवली, म्हणजे पडद्यावरचा पडदा आम्ही आमच्या पडद्यावर पाहिला.

वादी-प्रतिवादींचा निवाडा करणे हे माझे काम नाही. पण संहितेचा वाचक म्हणून त्या चित्रणात काय होते ते सांगणे माझे काम आहे. त्यात व्यासपीठ होते, ठराव वाचणारे होते, टाळ्या होत्या, घोषणा होत्या, निवड जाहीर झाल्यावरचा जल्लोष होता. मी पाहिलेल्या तुकड्यांत मतदान नव्हते. जे बिनविरोध झाले त्याचे चित्रण हे फार तर हजेरीचे चित्रण असते. कॅमेरा साक्षीदार खरा, पण जे घडलेच नाही त्याची साक्ष तो कशी देणार? एका बाजूने ‘बैठक झाली’ हे सिद्ध करायला चित्रण दाखवले, दुसऱ्या बाजूने ‘ती घटनेप्रमाणे नव्हती’ असे म्हटले गेले. आणि ज्या २०१८ च्या बैठकीने पक्षाची रचना ठरवली तिच्यातच एकनाथ शिंदे यांना नेतेपद मिळाले होते, ही गोष्ट मात्र पडद्यावरून भराभर सरकून गेली.

त्याच बैठकीचा आणखी एक ठराव आठवावा. २३ जानेवारी २०१८ ला शिवसेनेने जाहीर केले की यापुढे लोकसभा आणि विधानसभा स्वबळावर लढवायच्या. त्या दिवशी वाहिन्यांवर दुसरे काही नव्हते. १८ फेब्रुवारी २०१९ ला भाजपशी युती जाहीर झाली, तेव्हाही वाहिन्यांवर दुसरे काही नव्हते. मधल्या काळात तो ठराव कोणी रद्द केला? कोणत्या बैठकीत? सूचक कोण, अनुमोदक कोण? हा प्रश्न विचारलेला मला तरी ऐकू आला नाही. दूरचित्रवाणीला स्मरण नाही असे नव्हे; तिच्याजवळ सगळी जुनी चित्रणे साठवलेली असतात आणि पुढाऱ्याला कोंडीत पकडायला ती जरूर काढते. पण ती माणसाचे कालचे वाक्य काढते, संघटनेचा कालचा ठराव काढत नाही. वाक्य माणसाचे असते, म्हणून त्याला चेहरा असतो. ठरावाला चेहरा नसतो.

आता जे मला अधिक जवळचे आहे त्याकडे येतो.

ठाकरे गटाचे अधिवेशन २३ जानेवारी २०२४ ला नाशिकला झाले. आदल्या दिवशी, अयोध्येत प्राणप्रतिष्ठा होत असताना, उद्धव ठाकरे सहकुटुंब काळाराम मंदिरात गेले, नंतर गोदाकाठी महाआरती केली. त्याच्या दहा दिवस आधी, १२ जानेवारीला, पंतप्रधान नरेंद्र मोदी त्याच मंदिरात आले होते आणि त्यांनी आवारात स्वतः लादी पुसली होती. दोन्ही प्रसंग मी पडद्यावर पाहिले. मंदिराचा काळा दगड, दारापुढची फरसबंदी, गर्दी, रेशमी वस्त्रे. कॅमेरा दारातून आत गेला. अगदी सहज गेला.

३ मार्च १९३० ला त्याच मंदिराच्या चार दरवाजांवर १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी बसली होती, आणि दरवाजे बंद होते. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे जिवंत ठेवला. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून तो थांबवण्याचा विचार मांडला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला जे जाहीर केले ते सर्वांना ठाऊक आहे. काळारामाच्या बंद दारापासून येवल्याकडे, आणि येवल्यापासून नागपूरच्या दीक्षाभूमीकडे, असा तो रस्ता आहे. या वाटचालीचा अर्थ ‘अखेर दार उघडले’ असा होत नाही. आपण त्या दारावरून पुढे गेलो, असा होतो.

ठाकरे यांच्या पक्षाने हे मंदिर निवडताना बाबासाहेबांच्या लढ्याचा उल्लेख केला होता, हे नोंदवले पाहिजे. तो प्रामाणिक नव्हता असे म्हणायला माझ्याजवळ आधार नाही. पण मी जी वाहिनी पाहत होतो तिच्यावर १९३० हे साल एकदा आले, ते ‘याच मंदिरात डॉ. आंबेडकरांनीही सत्याग्रह केला होता’ अशा वाक्यात. ‘मंदिरात’! सत्याग्रह मंदिरात झाला नाही, तो मंदिराबाहेर झाला. एका प्रत्ययात सगळा इतिहास आत ओढून घेतला गेला. निवेदिकेचा दोष नसेल, तिला कोणी लिहून दिले असेल, घाईत लिहिले असेल. भाषेचा अभ्यासक म्हणून मला एवढेच दिसते की घाईत लिहिणाऱ्याची भाषाही एका ठरावीक दिशेनेच चुकते. बाहेर उभ्या असलेल्याला ती आत नेऊन बसवते आणि दार कोणी बंद केले होते हा प्रश्न मिटवून टाकते. पंतप्रधानांच्या हातातील पोछ्याविषयीही असेच. सफाई करणारा हात बातमी होतो, पण तो हात रोजचा नसेल तरच. रोज ते आवार पुसणारा माणूस त्या दिवशी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुठे उभा केला असेल, हे आबांना विचारले असते तर त्यांनी लगेच सांगितले असते. त्यांना ती जागा माहीत आहे.

मग आपल्या परिषदांचे काय? २१ आणि २२ मार्च १९२० ला आमच्या कोल्हापूर संस्थानात, कागल जहागिरीतील माणगावला, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. शाहू महाराज तेथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे अशा अर्थाचे बोलले. आज त्या परिषदेतला हा एकच प्रसंग सर्वत्र सांगितला जातो, चित्रांत रंगवला जातो, नाटकात येतो. म्हणजे माणगावचे चलच्चित्र नसताना आपण ती परिषद दूरचित्रवाणीच्याच नजरेने पाहू लागलो आहोत: दोन चेहरे आणि एक हृद्य क्षण. पण माणगावला ठराव झाले होते. मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा, मृत जनावराचे मांस न खाण्याचा, कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाचा. जमलेल्या माणसांनी स्वतःवर बंधने घातली आणि सरकारपुढे मागण्या ठेवल्या. परिषदेचा वृत्तांत ‘मूकनायका’त छापला गेला, म्हणून तर आज आपण त्या ठरावांविषयी बोलू शकतो. माझ्या वर्गातील किती मुलांना माणगावचा एक तरी ठराव सांगता येतो? शाहू महाराजांचा प्रसंग सर्वांना सांगता येतो.

नागपूरची १९४२ ची परिषद तर अधिवेशन कसे असावे याचा धडाच आहे. १८ आणि १९ जुलैला अखिल भारतीय परिषद, एन. शिवराज अध्यक्ष; तेथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया घातला गेला. २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद, आणि समता सैनिक दलाची परिषद. महिला परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी मागितली, कष्टकरी बायकांसाठी पगारी रजा मागितली. १९४२ मध्ये! देशातील भल्याभल्या प्रागतिक मंडळींना ज्या मागण्या उच्चारताना अडखळायला होत होते त्या दलित बायांनी ठरावाच्या भाषेत लिहून ठेवल्या. त्या परिषदेचे कार्यवृत्त छापले गेले आणि ते आजही वाचायला मिळते. ते वाचताना डोळ्यांत पाणी येत नाही, हे मी कबूल करतो. मसुद्याची भाषा रुक्ष असते. पण वाचून झाल्यावर त्या बायांना काय हवे होते ते मला कळलेले असते. कोल्हापूरच्या अधिवेशनाला आलेल्या महिला पदाधिकाऱ्यांना काय हवे होते, ते मला तासभर पाहूनही कळले नाही. त्यांचे फेटे मात्र आठवतात.

जुने ते सोने असे म्हणून मोकळे व्हावे, एवढा हा मामला सरळ नाही. छापील कार्यवृत्तातही सर्व काही येत नाही. कोणाला बोलू दिले नाही, कोण रागावून गेले, याची नोंद लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असते. आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती तुकडे झाले हे आपण जाणतोच. ते तुकडे दूरचित्रवाणीने केले नाहीत. महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि फूट तोवर जुनी झाली होती. पण आज जे गट आहेत त्यांतील कितींचे प्रतिनिधी-अधिवेशन, नोंदवही, निवडणूक आणि हिशेबासह होते? प्रस्थापित पक्षांना विचारायचा प्रश्न आपण आपल्या पक्षांना विचारत नाही, कारण विचारले तर ‘चळवळीत फूट पाडतोस काय’ असे उत्तर येते. भक्तीचा आणि राजकारणाचा संबंध बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगून ठेवला आहे. तो आपण सर्वांनी पाठ केला आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही.

पडद्यावर आपले राजकारण दोनच रूपांत येते. एक, दुसऱ्याच्या व्यासपीठावरील खुर्ची. दुसरे, गंमत. रामदास आठवले यांच्या चारोळ्या वाहिन्या आवडीने दाखवतात. ते केंद्रात राज्यमंत्री आहेत, पँथरच्या काळातले आहेत, सामाजिक न्यायाच्या खात्याविषयी त्यांना प्रश्न विचारता येतात. पण माईक पुढे येतो तो यमकासाठी. यात वाहिनीचा दोष किती आणि मंत्रिमहोदयांचा किती याची वाटणी वाचकांनी करावी. प्रकाश आंबेडकर यमके करत नाहीत, तर त्यांच्यासाठी वेगळा साचा आहे: ‘कोणाची मते खाणार?’ २३ जानेवारी २०२३ ला वंचित बहुजन आघाडी आणि ठाकरे गट यांची युती जाहीर झाली. बरोबर एका वर्षाने नाशिकचे अधिवेशन झाले. २०२४ चा मार्च संपेपर्यंत ती युती उरली नव्हती. ती तुटण्याची कारणे दोन्ही बाजूंनी सांगितली. चर्चा झाली ती जागा किती, एवढ्यावर. युतीने दलित समाजाला काय देऊ केले होते, कोणता लेखी कार्यक्रम होता, हे कोणत्याही वाहिनीवरील तिन्ही-चारी खिडक्यांतून डोकावणाऱ्या तज्ज्ञांपैकी कोणी बोलल्याचे मला स्मरत नाही. आपण मतांचा आकडा म्हणून येतो. आकडा खाता येतो. ठराव मांडणारा माणूस खाता येत नाही.

कोल्हापूरच्या अधिवेशनानंतर मी बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एक काम दिले. कोणत्याही पक्षाच्या अधिवेशनाचे प्रक्षेपण अर्धा तास पाहा आणि तीन गोष्टी लिहा: कोण आले, काय ठरले, विरोध कोणी केला. बावीस मुलांनी लिहून आणले. ‘कोण आले’ याखाली पानभर मजकूर. कोण कोणत्या गाडीतून उतरले इथपर्यंत. ‘काय ठरले’ याखाली बहुतेकांनी भाषणातील टीका लिहिली, म्हणजे कोणी कोणाला काय म्हटले. एका मुलीने लिहिले, “काही ठराव मंजूर झाले असे खालच्या पट्टीत आले, पण वाचेपर्यंत गेले.” तिला मी सर्वांत जास्त गुण दिले. ‘विरोध कोणी केला’ याखाली बावीसही जणांनी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांची नावे लिहिली होती. पक्षाच्या आत, त्याच मंडपात, कोणी विरोध करू शकतो ही कल्पनाच त्या मुलांपर्यंत पोहोचलेली नाही. ही मुले उद्याचे कार्यकर्ते आहेत, काही जण आजच आहेत. मी त्यांना दोष कसा देणार? मीही त्याच वयात दूरचित्रवाणीसमोर बसून राजकारण शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती, घरात वर्तमानपत्र येत नव्हते, पण दूरचित्रवाणी संच होता, हप्त्यावर घेतलेला.

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या जयंती मंडळाची बैठक समाजमंदिरात झाली. दरवर्षी होते. गेल्या वर्षीचा हिशेब वाचायचा, यंदाचे पदाधिकारी निवडायचे. एक तरुण मोबाईलवर चित्रण करत होता. मंडळाच्या पानावर टाकायचे म्हणून. प्रतिमेला हार, वंदना, सत्कार, सगळे त्याने टिपले. हिशेब वाचायला सुरुवात झाली. साउंड सिस्टिमचा आकडा आला तेव्हा मागून एक बाई उठल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, “अभ्यासिकेच्या पुस्तकांस्नी पैसं न्हाईत म्हनला हुता, मग ह्ये कुठनं आलं?” गलका झाला. खजिनदार चिडले, अध्यक्षांनी शांत राहा म्हटले, आणखी दोघी बायका उभ्या राहिल्या. शेवटी यंदा पुस्तकांची रक्कम आधी बाजूला काढायची आणि मगच मिरवणुकीचे बघायचे असे ठरले. चौघे विरोधात होते.

मी त्या पोराकडे पाहिले. त्याने मोबाईल केव्हाच खाली घेतला होता. बाहेर आल्यावर विचारले, तर म्हणाला, “सर, ते भांडान हुतं की. कार्यक्रम न्हवता त्यो.” आबा सोबत होते. ते काही बोलले नाहीत. खुर्च्या एकावर एक चढवायला आत गेले. चिटणिसाची वही टेबलावर उघडी होती. तीत त्या बाईंचे नाव सूचक म्हणून लिहिलेले होते, आडनावात एक काना चुकलेला. तो मी दुरुस्त करून घेतला.